आधी कागद, मग पाकीट

या घरातले मोठे निर्णय दुपारी एक ते चार या वेळेतच होत आले, कारण खालचं औषधांचं दुकान तेवढाच वेळ बंद असे. आबांनी दुकान काढलं तेव्हापासूनची ही रीत. एकाला शटर खाली, मग सतरा पायऱ्या चढून सगळे वर, जेवण, लागलं तर भांडण, आणि चारला शटर पुन्हा वर. भांडण मिटलेलं नसलं तरी शटर चारला वर जायचंच. वर कोणाचं काय बिनसलंय याच्याशी खाली उभ्या असलेल्या आजारी माणसाला काय कर्तव्य, असं आबा म्हणत.

त्या दिवशी तर भांडण होणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. पुडीला फार्मसीच्या चार वर्षांच्या डिग्रीला जागा मिळाली होती आणि दोन वर्षांच्या डिप्लोमालाही. कॉलेज एकच, इमारत एकच. डिग्रीच्या जागेसाठी मूळ कागदपत्रं त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्यायची होती, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. यादी लागल्यापासून सहा दिवस घरात दोन पक्ष पडले होते. आई आणि काका डिग्रीच्या बाजूचे, बाबा डिप्लोमाच्या. आबा कोणाच्याच बाजूचे नव्हते, म्हणजे ते शेवटी बोलणार होते. आणि जिने स्वतः डिप्लोमा केला, जिच्या सर्टिफिकेटावर हे दुकान तीस वर्षं चाललं, ती आत्या सगळ्यांत जोरात डिग्री म्हणत होती.

पुडी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती की आबा म्हणाले, हिला तर कागदात बांधून देता येईल. आबांची उमेदीची वर्षं कंपाउंडरकीत, औषधांच्या पुड्या बांधण्यात गेलेली, तेव्हा त्यांना दुसरं काय सुचणार. आता बारावी झाली, उंची आत्याच्या वर गेली, पण नाव काही सुटलं नाही.

जेवणं झाली आणि बाबांनी ताट पुढे सरकवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "डिग्री तर डिग्री. चार वर्षांनी काय बिघडतं. तोवर ताई आहेच की दुकानात."

"दादा, हे लिहून दे मला," काका म्हणाला. "तू माझं ऐकलंस याला काहीतरी पुरावा पाहिजे." काका औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग मांडीवर घेऊन गप्प बसायचं काम, त्यामुळे न बोललेलं सगळं तो घरी येऊन बोले.

आईला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. शाळेत गणित शिकवणारी बाई ती. सहा दिवसांत नवऱ्यासमोर मांडायला तिने सतरा मुद्दे तयार केले होते आणि त्यातले नऊ अजून शिल्लक होते. थोडी हिरमुसलीच ती. पण उठली, हात धुतले.

"चल पुडे, साडी बदलते आणि निघू. फाइल काढून ठेव."

"फाइल नाहीये," पुडी म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"मूळ कागद मी काल दिले. डिप्लोमाच्या खिडकीत."

काकाचा हात वाटीशी होता, तो तिथेच राहिला. आई ओल्या हातांनी दारात उभी होती आणि हातांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. गंमत करतेय पोरगी, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. मग पुडीचा चेहरा बघून तसं वाटेनासं झालं.

"कोणी सांगितलं तुला?" आईने विचारलं आणि बघितलं मात्र बाबांकडे.

"माझ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "मी आत्ता तुमच्यासमोर हो म्हटलं ना. मला माहीत असतं तर सहा दिवस कशाला घसा कोरडा केला असता?"

ते खरं होतं. बाबांना गेले सहा दिवस जे हवं होतं ते त्यांना मिळालं होतं आणि त्यांना जराही आनंद झाला नव्हता. पोरीने विचारलं नाही, सांगितलं नाही, परस्पर जाऊन कागद देऊन आली. पहिलीपासून शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवर सही घ्यायला रात्री उठवणारी ही मुलगी. त्यांना एकदम फसवल्यासारखं वाटलं आणि का ते कळेना.

"तसं बघितलं तर," काका हळूच म्हणाला, "डिप्लोमा करूनही पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला घेतात. म्हणजे अगदीच काही..."

"भावजी, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी तुमच्याच, वहिनी. मी नुसतं सांगितलं."

"नुसतं सांगू नका." आई पुडीसमोर येऊन बसली. "मला कारण सांग. ओरडत नाही मी. कारण सांग."

"मला दुकान आवडतं."

"दुकान चार वर्षांत पळून जाणारे का?"

पुडीने एकदाच, अगदी निसटतं, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं. ते आईने टिपलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आत्या बसली होती. तिला पुडीची नजर दिसली नाही. पुडीकडे सरळ बघितलं की पुडीचा चेहराच जायचा, तिथे नुसता राखाडी डाग उरायचा. जरा बाजूला, घड्याळाकडे बघितलं की मग पुडी कडेने दिसायची, कपाळ, खांदा, वेणी. गेलं दीड वर्ष आत्या घरातल्या सगळ्यांकडे असं थोडं बाजूला बघत आली होती आणि ती विचारात असते असं घरच्यांना वाटत आलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्याने सुधारायचा नाही. कडेचं बरंच टिकेल, पण बारीक वाचणं गेलं समजा.

हे घरात फक्त पुडीला माहीत होतं. मार्चमध्ये कळलं आणि आत्याने तिच्याकडून वचन घेतलं, की कोणाला सांगायचं नाही, मी माझी माझी वेळ बघून सांगेन. ती वेळ रोज उद्यावर गेली. आता पोरीने काय केलंय हे घरात एकट्या आत्यालाच समजलं. दोन वर्षं. पोर तिच्या डोळ्यांचा हिशोब करून बसली होती.

आत्ता बोल, ती स्वतःला म्हणाली. आणि बोलली नाही. तोंड उघडलं की चार वाजता शटर वर जाणार नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"ताई," आई म्हणाली, "तुम्ही आज गप्प का?"

"काय बोलू?"

"सहा दिवस डिग्री डिग्री करत होतात. पोरगी उलटं करून आली तर तुम्हाला काहीच वाटत नाही? तिने तुमच्याकडेच बघितलं आत्ता. तोंडाने एक आणि मागून एक, असं तर नाही ना चाललंय?"

"अगं," बाबा म्हणाले.

"मला बोलू द्या. ही आमची एकुलती एक मुलगी आहे. दुकानाला नाव पाहिजे म्हणून तिला कोणी..."

"अडीच वाजले," आबा म्हणाले. "माझ्या गोळ्या."

आबांना वाद मिटवायचा असला की ते काहीतरी मागत. पाणी, चष्मा, गोळ्या. आणि या घरात गोळी मागितली की पाढा म्हणावा लागे, घरचं माणूस असो की गिऱ्हाईक. आबा कंपाउंडर असताना शेजारच्या दवाखान्यात एका बाटलीऐवजी दुसरी गेली आणि एक बाई जिवानिशी गेली. ती चूक आबांची नव्हती, पण त्यांनी ती बघितली होती. दुकान काढल्यावर त्यांनी नियम केला. एकाने डॉक्टरांचा कागद मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने हातातलं पाकीट बघून तेच मोठ्याने वाचायचं. नाव, ताकद, मुदत. जुळलं तरच औषध गिऱ्हाइकाच्या हातात. आधी कागद, मग पाकीट. दुकानात बाबा कागद म्हणत आणि आत्या पाकीट. गिऱ्हाइकं हसत, काही जण नक्कल करत, पण गल्लीतली म्हातारी माणसं दोन दुकानं ओलांडून इथेच येत, ती या पाढ्यासाठी.

घरात आबांच्या गोळ्यांचा कागद खिळ्याला अडकवलेला असे. तो आई वाचायची आणि पाकीट आत्या. आत्या उठली, कपाटातला डबा काढला, हात आत घातला. आईने कागद खिळ्यावरून ओढून घेतला. पण वाचला नाही.

"आज तुम्ही आधी म्हणा," ती म्हणाली. "हातात काय आहे ते सांगा, मी जुळवते. माझं ऐकायची या घरात कोणाला गरज नाहीये, मग मीच का आधी बोलू?"

आत्याचा अंगठा पाकिटाच्या पाठीवर फिरला. एकदा, पुन्हा एकदा.

"आई, तू वाच ना," पुडी म्हणाली. "आधी कागद असतो."

"मला नियम शिकवू नकोस."

"आई, प्लीज वाच."

"म्हणा ना ताई. एवढं काय अवघड आहे त्यात?"

आत्या पाकीट हातात धरून उभी राहिली. बाबांनी मान वर केली. आणि पुडीच्या तोंडून, तिच्याही नकळत, कागदावरची पहिली ओळ बाहेर पडली. लहानपणापासून रोज ऐकलेली ओळ ती.

"रक्तदाबाची, पाच," ती पुटपुटली.

"रक्तदाबाची, पाच," आत्या लगेच म्हणाली, खणखणीत, दुकानातल्या आवाजात.

आईने पाकिटाकडे बघितलं. मग आत्याकडे. मग पुन्हा पाकिटाकडे.

"ही साखरेची आहे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "पाचशेची. ताई, ही साखरेची आहे."

काकाने उठून आत्याच्या हातातून पाकीट घेतलं आणि खिडकीशी नेऊन बघितलं, जणू उजेडात ते दुसरं काही होणार होतं. पण ते साखरेचंच होतं. अक्षरं चांगली ठळक होती.

"ताई, तुला दिसत नाही?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एवढं छोटं वाक्य बोलून पुढे काही जोडलं नाही.

"कडेने दिसतं," आत्या म्हणाली. "मधलं गेलंय."

बाबा उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काल संध्याकाळी त्यांनी किती कागद वाचले असतील? साठ? सत्तर? प्रत्येक वेळी ते म्हणाले आणि ताई म्हणाली. ते म्हणाले आणि ताई म्हणाली. तिचा आवाज इतका ठाम असायचा की त्यांनी मान वर करून तिच्या हाताकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं. बघायचं कशाला, ऐकू येत होतं की. ती वाचत नव्हतीच. त्यांचंच म्हणणं ती त्यांना परत देत होती, आणि बाबा ते जुळवून बरोबरची खूण करत होते.

"किती दिवस?" आबांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"आणि औषध कसं काढायचीस?"

"खण मीच लावलेत ना, आबा. कुठे काय आहे ते हाताला पाठ आहे. खोक्याचा रंग कडेने दिसतो. चुकायचं नाही." ती थांबली. "म्हणजे मला वाटायचं चुकत नाही. मार्चमध्ये एका कंपनीने खोक्यांचे रंग बदलले."

"थायरॉइडच्या गोळ्या," पुडी म्हणाली. तिचं वचन आता संपलं होतं आणि ती भडाभडा बोलायला लागली. "शिवणकामवाल्या काकू आल्या होत्या. बाबा म्हणाले पंचवीस, आत्या म्हणाली पंचवीस. मी स्टुलावर चढून वरचा खण पुसत होते. मला हातातलं खोकं दिसलं, त्यावर शंभर होतं. मला वाटलं मीच चुकीचं बघतेय, कारण पाढा जुळला होता. त्या निघून गेल्या. मग मी पळत बसथांब्यावर गेले आणि म्हटलं, काकू, खोकं फाटकं आलंय, बदलून देते."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" बाबा म्हणाले.

"मी नको म्हटलं तिला," आत्या म्हणाली. "तिला काही बोलू नकोस. माझं पाप आहे ते."

"त्यानंतर परीक्षा असो की सुट्टी, संध्याकाळी मी रोज दुकानात थांबायचे," पुडी म्हणाली. "तुम्हाला वाटायचं मला आवड आहे. मी नुसती आत्याच्या हाताकडे बघत उभी असायचे. आता कॉलेज सुटल्यावरही थांबले असते. दोन वर्षांत डिप्लोमा झाला की माझं सर्टिफिकेट भिंतीवर, आणि मग आत्याला वाचायला लागलं नसतं. दोन वर्षं कशीतरी निघाली असती. चार नाही निघणार."

आईने तोंडावर हात ठेवला. परीक्षेच्या दिवसांत ही मुलगी संध्याकाळभर खाली का बसते म्हणून ती किती रागावली होती तिच्यावर. सतरा मुद्दे काढणाऱ्या आईला हा एक मुद्दा दिसला नव्हता. तिला रडू आलं आणि राग आला आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

"पुडी दुकानात नसायची तेव्हा?" आबा म्हणाले.

कोणालाच प्रश्न समजला नाही.

"पुडी संध्याकाळी असायची. सकाळची गिऱ्हाइकं? मार्चच्या आधीची? त्यांच्या मागे कोण पळालं?"

आत्तापर्यंत सगळे आत्याच्या डोळ्यांनी हादरले होते, आता पहिल्यांदा गल्ली डोळ्यांसमोर आली. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर, बाळंतीण झालेली शेजारीण, हृदयाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेणारा रखवालदार. काका खाली बसला. औषधाच्या ताकदीने काय फरक पडतो हे सांगायचेच त्याला पैसे मिळत.

"मला माहीत नाही, आबा," आत्या म्हणाली. "रोज रात्री आठवून बघते. मला माहीत नाही."

"अगं पण तू मला सांगायचंस," आबा म्हणाले. "दुकान बंद केलं असतं मी. तुझ्यापेक्षा दुकान मोठं आहे का?"

आत्या हसली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही मला दोनच वर्षं म्हणाला होतात, आबा. ज्यांच्या सर्टिफिकेटावर दुकान काढलंत ते तुमचे मित्र गाव सोडून गेले, दुकानाला सर्टिफिकेट उरलं नाही. मला डिग्रीची जागा मिळाली होती. तुम्ही म्हणालात, दोन वर्षांत डिप्लोमा करून ये, दुकान वाचव, मग डिग्री कर. मी आले. तीस वर्षं झाली. दुकान मोठं नाही हे मला कोणी सांगितलंच नाही."

आबांनी तीस वर्षं चारचौघांत सांगितलं होतं, आमच्या मुलीलाच दुकानाची आवड, आम्ही काही म्हटलं नाही. इतक्यांदा सांगितलं की त्यांना तसंच झालं होतं असं वाटायला लागलं होतं. आत्ता एकदम ती दुपार आठवली. हीच खोली. ती दारात उभी होती. त्यांनी विचारलंही नव्हतं, सांगितलं होतं. आणि ती म्हणाली होती, बरं आबा. त्यांनी ते खुशीचं धरलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"तू हो म्हणाली होतीस," ते एवढंच म्हणू शकले.

"तुमचं ऐकून म्हणाले होते," आत्या म्हणाली. "तेव्हापासूनची सवय आहे मला."

मग आबा उठले. त्यांनी काकाला एक रिकामं खोकं फाडून पुठ्ठा आणायला सांगितला आणि जाड पेन मागितलं. त्यांचं अक्षर अजून मोत्यासारखं होतं. लिहून झाल्यावर पुठ्ठा त्यांनी टेबलावर उभा केला. औषधविक्री आजपासून बंद. गेल्या दीड वर्षात इथून नेलेली औषधं आणि डॉक्टरांचा कागद घेऊन या. आमच्या हातून चूक झालेली असू शकते. तपासून देऊ.

"आबा, हे शटरवर लावणार?" बाबांनी विचारलं. "चाळीस वर्षांचं नाव आहे आपलं."

"मी उद्या एक फार्मासिस्ट आणून बसवतो," काका म्हणाला. "माझ्या ओळखीत दोघं आहेत. आपण हळूहळू, फोन करून, कोणाला कळू न देता..."

"फार्मासिस्ट आण. आजच आण, तपासायला लागेल. पण कळू न देता काही नाही," आबा म्हणाले. "आत्तापर्यंत कळू न देताच चाललं होतं ना?"

बाबांनी पुठ्ठा उचलला. या सहा दिवसांत ते पहिल्यांदाच कोणाशी वाद न घालता जिना उतरले.

घड्याळात साडेतीन झाले होते. आई डोळे पुसून उभी राहिली.

"पुडे, चल. कागद परत घेऊ."

"मी नाही येणार," पुडी म्हणाली. "आता तर मुळीच नाही. काकाचा माणूस किती दिवस टिकेल? घरातलंच कोणीतरी हवं. मी दोन वर्षांत..."

आत्या उठली आणि जिन्याकडे निघाली. कोणाचा हात धरला नाही, सतरा पायऱ्या तिला पाठ होत्या. सगळे तिच्या मागून उतरले. खाली दुकानात अंधार होता, बाबा पुठ्ठा घेऊन शटरशी उभे होते आणि शटरखालून उजेडाची एक पट्टी येत होती. आत्या गल्ल्यामागे गेली, हात वर केला आणि भिंतीवरची फ्रेम खिळ्यावरून काढली. तीस वर्षांत ती फक्त रंगकामासाठी उतरली होती. तिने ती काकाच्या हातात दिली.

"ही परवान्याच्या ऑफिसात नेऊन दे. काय अर्ज लागेल तो कर, मी सही करते. नीट सही येते मला अजून." मग ती पुडीकडे वळली, म्हणजे पुडीच्या शेजारच्या कपाटाकडे बघायला लागली. "आता या दुकानाला माझं नाव नाही. तू ज्याच्यासाठी दोन वर्षं देणार होतीस ते संपलं. आता तुझं तू बघ. मी पण येते कॉलेजात."

शटर वर गेलं तेव्हा चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. आबांच्या चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा वेळेआधी उघडलं, आणि विकायला नव्हे. बाबा पुठ्ठा बांधत होते. समोरून निवृत्त मास्तर येत होते. त्यांनी चष्मा वर करून सगळा मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी नजर वळवली नाही. मास्तर घरी परत गेले आणि पाच मिनिटांत औषधांची पिशवी घेऊन आले. बाबांनी पहिलं पाकीट हातात घेतलं आणि डोळ्यांसमोर धरलं. कागद त्यांनी अजून उघडला नव्हता.

कॉलेजात दोन खिडक्या शेजारी शेजारी होत्या, डावी डिप्लोमाची, उजवी डिग्रीची. डाव्या खिडकीतला कारकून वैतागला.

"काल दिले, आज परत? ही काय लायब्ररी आहे? अर्ज लिहा, कारण लिहा."

"कारण काय लिहू?" पुडीने विचारलं.

"घरगुती," आई म्हणाली.

त्याने गठ्ठा उपसला, पुडीची फाइल शोधली, सह्या घेतल्या, साहेबांची सही आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही. आई घड्याळ बघत होती. आत्या बाकावर बसली होती, कान खिडकीकडे देऊन. फाइल हातात आली तेव्हा पाच वाजायला चौदा मिनिटं होती. उजव्या खिडकीपुढे आता कोणीच नव्हतं. तिथल्या बाईंनी छापील फॉर्म बाहेर सरकवला.

"इथे कोर्सचं नाव लिहा, खाली सही. लवकर करा."

पुडीने पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"डिग्री लिही ना," आई कुजबुजली. "पुडे, डिग्री."

"डिग्री," पुडी म्हणाली.

"थांब," आत्या म्हणाली. ती उठून खिडकीशी आली होती. "आईचं ऐकून म्हणू नकोस. माझंही ऐकून नको. कागदाकडे बघ. काय लिहिलंय ते बघ आणि मग तुला जे म्हणायचंय ते म्हण."

आई काहीतरी बोलणार होती. तिने स्वतःला आवरलं. खिडकीतल्या बाईही टकामका बघायला लागल्या.

पुडीने कागदाकडे बघितलं. सगळा वाचला, बारीक अक्षरातल्या नियमांसकट. त्यात चार वर्षांचा उल्लेख तीनदा होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"मला डिग्रीच करायची होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. पण आत्या, चार वर्षांनी मी सर्टिफिकेट घेऊन येईन तेव्हा तुला ते दिसणार नाही."

आत्याने हात पुढे केला. तो आधी काचेला लागला, मग पुडीच्या खांद्याला.

"तेव्हा तू वाचून दाखव," ती म्हणाली. "ऐकायला तर मला येतंच."

पुडीने कोर्सचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म आत सरकवला.